पान सतरा

झूटरमेर, नेदरलँड्स, १० नोव्हेंबर २०२४

प्रमोदिनी आत्या,

तू म्हणालीस की फोनवर तू थापा मारतोस, कागदावर मारून दाखव. म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी पाचवीच्या पेपरात मामाला लिहिलं होतं, पाचातले दोन मिळाले. तेव्हा शुद्धलेखनावरून काही बोलायचं नाही.

तुझं नाटक पोचलं. अठरा पानं, सगळी हाताने लिहिलेली, एकही खाडाखोड नाही. हे बघूनच मला धडकी भरली. पाकीट बाबाने उघडलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. सतराव्या पानावर थांबला, सगळे कागद माझ्या हातात कोंबले आणि भांडी घासायला गेला. आमच्याकडे डिशवॉशर आहे, आत्या.

परवा वासुदेवकाकांकडे वाचन झालं. वासुदेवकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, मूळचे साताऱ्याचे, बोलताना डोळे मिटतात. शिवजयंतीचा कार्यक्रम २२ फेब्रुवारीला आहे आणि यंदा ताराबाईवर काहीतरी करायचं हे कमिटीनेच ठरवलंय. पाचही कमिटीवाले सरदार आणि कारभारी होणार, कारण दाढ्या लावायला त्यांना आवडतं. ताराबाई लतिकाताई करणार. ती इथेच दोन गल्ल्या सोडून असते, बँकेत टेस्टिंग करते, आवाज खणखणीत आहे. तिचा नवरा अंबरीश धनाजी जाधव झालाय.

वाचताना लतिकाताईने सरदारांच्या शपथेचा प्रसंग इतका भारी म्हटला की सगळ्यांचा चहा गार झाला. मग मी वासुदेवकाकांच्या किचनमध्ये गेलो आणि खरा दूधभात कालवून आणला. म्हटलं, स्टेजवर हात थरथरला तर वाईट दिसेल, आत्ताच सवय करा. पाचही जणांना वाटीवर हात ठेवायला लावला आणि मागून माझं एक वाक्य चिकटवलं: 'या नाटकातला एक शब्द बदलणार नाही.' हसत हसत म्हणाले सगळे. फोटो काढलाय.

वासुदेवकाका हसून झाल्यावर म्हणाले, काय कुशल, सध्या काय, अजून तेच का? तेच म्हणजे दोनदा नापास होऊन सुपरमार्केटात शेल्फ भरणं. सगळ्यांसमोर विचारतात. दर वेळी विचारतात. मला साऊंड दिलाय.

तुझा,
कुशल


कोल्हापूर, २५ नोव्हेंबर २०२४

कुशल्या,

नऊ चुका आहेत. सांगणार नाही, शोध.

दूधभाताचं वाचून हसले. नंतर हसू गेलं. शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा ताराबाईने सरदारांना दूधभातावर हात ठेवायला लावून शपथा घेतल्या असं सांगतात. त्यातला धनाजी खेडच्या लढाईत शाहूकडे गेला. तुमच्या कमिटीने हसत हात ठेवलाय, हे लक्षात ठेव.

आता लतिकाला वाचून दाखव. बाई, तुझा नवरा सिंहगडावर वारलाय. तू पंचवीस वर्षांची आहेस. औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसलाय. पोरगं चार वर्षांचं, त्याला गादीवर बसवायचंय. बाहेर मोगल आहे तो दिसतो तरी. आत कारभारी आहेत, ते मान डोलवतात आणि बाहेर जाऊन आपापसात ठरवतात. शेजारच्या महालात सवत आहे, तिलाही मुलगा आहे. किल्लेदार पैसे घेऊन किल्ले सोडतायत. आणि हे सगळं चालू असताना प्रत्येक जण तुला सांगतोय की बाईसाहेब, तुम्ही आता देवधर्म करा. अशी बाई ढसाढसा रडत नाही. रडली नसेल असं मी म्हणत नाही. तिला वेळ किती मिळाला असेल, ते बघ. मी तिला पाचव्या पानावर अर्धं मिनिट दिलंय. तेवढं पुरे.

सतरावं पान जपून करायला सांग. सात वर्षं औरंगजेबाला पुरून उरलेल्या बाईला १७१४ साली पन्हाळ्यावर आपल्याच माणसांनी पोरासकट कोंडलं. पुस्तकातनं हे दोन ओळींत उरकतात. मी त्या दोन ओळींसाठी उरलेली सतरा पानं लिहिलीत.

तीस वर्षं हे माझ्या ट्रंकेत पडून आहे. एकदाही रंगमंचावर गेलं नाही. आता जातंय ते तुमच्या त्या समुद्रसपाटीखालच्या गावात. जाऊ दे. पण अख्खं जाऊ दे.

आत्या


झूटरमेर, १० डिसेंबर २०२४

आत्या,

सगळं एकदम मस्त चाललंय. तालमी रविवारी असतात. दाढ्या आल्या. एक दाढी लाल निघाली, ती परत पाठवली. थंडी आहे, वारा असा की सायकल मी चालवतो की वारा ते कळत नाही. आईचा गुडघा बरा आहे. बाबा ठीक.

एक विचारायचं होतं, सहज. समजा एखाद्या नाटकातलं एक पान, समजा शेवटच्या आधीचं, वेळेअभावी घेतलं नाही, तर नाटक उभं राहतं का? आणि समजा पाचव्या पानावर एखादं गाणं असलं, दुःखाचं, तर लेखकाला राग येतो का, जनरली? माझ्या मित्राच्या नाटकाबद्दल विचारतोय. डच मित्र आहे. तू ओळखत नाहीस.

चुका सात सापडल्या.

कुशल


कोल्हापूर, ५ जानेवारी २०२५

कुशल,

तुझ्या डच मित्राला माझा नमस्कार सांग आणि त्याच्या एक कानाखाली दे.

काल मंडळाचं पत्र आलं. लेटरहेडवर, वर गणपती. तुझ्यासाठी उतरवून काढते, कारण तुला हे सगळं आधीच माहीत आहे आणि मला काल कळलं:

'आदरणीय प्रमोदिनीताई, आपल्या संहितेत कालमर्यादा व कौटुंबिक प्रेक्षकवर्ग लक्षात घेऊन काही किरकोळ बदल केले आहेत. पतिनिधनाच्या प्रसंगी एक भावगीत घेतले आहे. कारभाऱ्यांशी होणारा वाद वगळला आहे. आपल्याच लोकांनी राणीस कैद केल्याचा भाग लहान मुलांसमोर नकारात्मक संदेश देतो, तसेच नगरपालिकेचे पाहुणे उपस्थित राहणार असल्याने नाटक बादशहाच्या मृत्यूनंतरच्या जल्लोषावर संपवत आहोत. तसेच खेदाने कळवावे लागते की आपला भाचा कुशल हा गेले पाच गुरुवार कमिटी सदस्यांच्या दारात दूधभाताच्या वाट्या ठेवत आहे. त्यास समज द्यावी. आपला, वासुदेव.'

भावगीत. ताराबाईला भावगीत. पत्र हातात घेऊन मी मागच्या अंगणात तीन फेऱ्या मारल्या. शेजारच्या शामलाबाईंनी विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, हो, जवळपास.

आता तुझ्याकडे वळते. तुला हे कधीपासून माहीत आहे? नोव्हेंबर संपायच्या आधीपासून, नाही का? पाच गुरुवार मोजता येतात मला. आणि मला लिहितोस दाढी लाल निघाली. तुला वाटलं म्हातारी आहे, सोसायचं नाही, कशाला सांगा. अरे, त्या बाईच्या कारभाऱ्यांनाही हेच वाटायचं. किल्ला गेला तरी सांगायला उशीर, कारण बाईसाहेबांना त्रास होईल. जिला निर्णय घ्यायचाय तिला बातमी द्यायची नाही आणि मग म्हणायचं, बघा, बाईला काही कळत नाही. वासुदेवने पान कापलं. तू मला आंधळं ठेवलंस. दोन्हींत मला तुझंच जास्त लागलंय, कारण तो माझा कोणी नाही.

खरं काय ते लिही. सगळं.

प्रमोदिनी


झूटरमेर, १६ जानेवारी २०२५

आत्या,

कानाखाली बसली. उशिरा, पण बसली.

सगळं सांगतो. २४ नोव्हेंबरच्या तालमीत काकांनी स्क्रिप्टची पीडीएफ वाटली. टाइप केलेली. मी म्हटलं वा, आणि मोजली तर चौदा पानं. विचारलं, बाकीची? काका डोळे मिटून म्हणाले, 'बाळ, ताराबाई शेवटी सत्तेला चिकटलेली बाई होती. शाहूमहाराज खरे वारस. आपण तिचं चांगलं तेवढं दाखवू.' मी म्हटलं शपथ घेतली होतीत. तर सगळे असे हसले की जसा मी जोक मारला. मी आयुष्यभर जोकच मारलेत, त्यामुळे हाही जोकच ठरला. माझे कान तापले आणि मी वायर गुंडाळत बसलो.

घरी बाबाला म्हटलं, आत्याला फोन कर. तो म्हणाला, ताईला काही वाटणार नाही, बदल तिला चालतात. असा राग आला मला. वासुदेवकाका आणि तो एकाच कंपनीत आहेत, म्हणून शेपूट घालतो. वर म्हणाला, तूही कळवू नको. आणि मी नाही कळवलं. त्याचं ऐकून नाही, माझ्या स्वतःच्या भित्रेपणाने. तू लिहिलं होतंस ना, अख्खं जाऊ दे. ते पत्र उशाशी होतं. कसं लिहिणार होतो?

मग वाट्या. आमच्या सुपरमार्केटात माझी शिफ्ट सकाळी सातला असते. दर गुरुवारी निघताना सायकलच्या टोपलीत पाच वाट्या, वर झाकण, प्रत्येकावर चिठ्ठी. 'पान पाच.' 'पान नऊ.' 'पान सतरा.' कापलेली-बदललेली पानं तेवढी, बाकी काही लिहायचं नाही. दारात ठेवायच्या आणि सटकायचं. पहिल्या आठवड्यात कोणी कोणाला बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी ग्रुपवर टाकलं की दुधाची कुठली नवीन स्कीम आहे का. अंबरीशला वाटलं करणी केली. त्याने कराडला आईला फोन लावला, तिने सांगितलं म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधली, तर खालच्या डच बाईने विचारलं की हे ख्रिसमसचं आहे का. पाचव्या गुरुवारी वासुदेवकाकांच्या डोअरबेलच्या कॅमेऱ्यात मी आलो. तोंड मफलरमध्ये होतं, पण जॅकेटवर सुपरमार्केटचं नाव केवढं मोठं.

मला साऊंडवरून काढलंय. तालमीला यायचं नाही असं बाबाकडून कळवलं, मला तोंडावर सांगितलंसुद्धा नाही. लतिकाताई गाणं म्हणते आहे. म्हणे पदराने डोळे पुसते. तिनेही हूं का चूं केलं नाही.

आत्या, मला काहीतरी फोडावंसं वाटतंय. काय फोडू ते सांग.

कुशल


कोल्हापूर, २७ जानेवारी २०२५

कुशल,

काही फोडायचं नाही. वाट्या बंद.

वाचताना मी हसले, ते मान्य करते. लिंबू-मिरचीला तर शामलाबाईंना हाक मारून वाचून दाखवलं. पण त्याने काय झालं? तुला काढलं आणि पान कापलेलंच राहिलं. चेष्टा करणाऱ्याला समोरचा चेष्टेतच काढतो. त्यांना तुझ्या रागाला उत्तर द्यावंच लागलं नाही.

मंडळाला मी आज कुरिअरने पत्र टाकलंय. त्यात एवढंच आहे: नाटक जसं लिहिलंय तसं करा. जमत नसेल तर माझं नाव काढा. चार शिकलेली माणसं आहेत. लेखिकेचं नाव पुसायची वेळ आली की लाज वाटेल, बघ तू.

आणि तू त्यांच्या पुढच्या मीटिंगला जायचंस. मफलर न घालता. उभं राहून सांगायचं की पान का कापू नये. युक्ती नाही, वाटी नाही, फोटो दाखवणं नाही. त्या बाईला दरबारात एकटीने बसावं लागायचं आणि समोरचा प्रत्येक जण मनात म्हणत असायचा, ही कोण आम्हाला सांगणार. तुला फक्त एक रविवार बसायचंय.

घाबरशील. घाबर. पण जा.

आत्या


झूटरमेर, ९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

गेलो. हरलो. आता सांगतो कसं.

मीटिंग दुपारी होती, आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक हॉलमध्ये. एक कप कॉफी, एक बिस्किट, आणि डबा लगेच बंद, मंडळवालेसुद्धा आता डच झालेत. मी मुद्दे तळहातावर पेनाने लिहून नेले होते. घामाने पुसले. तरी उभा राहिलो. म्हटलं, 'ही बाई जिंकली एवढंच दाखवलं तर ती गोष्ट अर्धी आहे. बादशहा मेल्यावर तिचा खरा त्रास सुरू झाला, आणि तो आपल्या लोकांनी दिला. मुलांना हे कळलं तर बिघडणार नाहीत. माझ्या आत्याने ते पान लिहिलंय, ते घ्या.' आवाज मध्ये दोनदा फाटला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वासुदेवकाकांनी तुझं पत्र खिशातून काढलं. म्हणाले, 'ताईंनी स्वतःच पर्याय दिलाय. नाव काढा म्हणतात. काढलं. आमचीच सोय झाली. लेखन, मंडळ, असं छापू.'

एवढंच, आत्या. एका मिनिटात. लाज वगैरे काही नाही. त्यांनी ते लगेच वहीत लिहूनही घेतलं आणि पुढचा विषय पार्किंगचा घेतला.

तू त्यांना शिकलेली माणसं समजलीस. ही तुझी चूक. मी तुला अंधारात ठेवलं ही माझी. आपण दोघं मिळून नाटक घालवलं.

लतिकाताई समोर बसली होती. अख्खा वेळ कपातल्या चमच्याकडे बघत. ज्या बाईचं काम करते तिच्याबद्दल चाललंय आणि हिला चमचा दिसतोय. पुळचट. मी तिला पायऱ्यांवर गाठून तेच म्हणालो, हाच शब्द वापरून. ती म्हणाली, ते पान तुझ्याकडे आहे का? म्हटलं आहे, कशाला, भाजी बांधायला? आणि तिच्या हातात कोंबून निघालो.

आणि साऊंडवर आता कोण आहे माहितीये? बाबा. काकांनी विचारलं, हा म्हणाला, बरं. माझ्या जागेवर. आम्ही दोघं बोलत नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढते.

कुशल


झूटरमेर, २३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

काल कार्यक्रम झाला. मी रात्रभर झोपलो नाही असं म्हणणार नाही, झोपलो, पण सकाळी उठल्याउठल्या लिहायला बसलोय. आधीच सांगतो, मी काही केलं नाही. शप्पथ. मी दाराशी उभा होतो, कोट आणि छत्र्या सांभाळायच्या टेबलाजवळ.

साडेतीनशे लोक होते. नगरपालिकेची पाहुणीबाई पहिल्या रांगेत, गळ्यात हार. पत्रिकेवर 'लेखन: मंडळ'. मी पाहिली आणि खिशात चुरगाळली.

नाटक सुरू झालं. भावगीत झालं. लतिकाताईने पदराने डोळे पुसले, मागच्या बायकांनीही पुसले. मी छत्र्या मोजायला लागलो. मग बादशहा मेल्याची बातमी आली, सरदारांनी जल्लोष केला, भगवा नाचवला. इथे पडदा पडायचा होता.

पण लतिकाताई पुढे आली. आणि खाली बसली, स्टेजच्या कडेला, मांडी घालून. सरदारांना वाटलं विसरली. अंबरीश मागून कुजबुजला, चल ना. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, आता सात वर्षं गेली. पन्हाळा. दाराला बाहेरून कुलूप आहे. आणि सुरू झाली.

'औरंगजेब सात वर्षं माझ्या मागे होता. तोफा आणल्या, सुरुंग लावले. त्याला मी सापडले नाही. तुम्हाला एक कुलूप पुरलं. कारण तुम्ही आतले होतात.'

आत्या, ती ओरडत नव्हती. तुझ्यासारखी बोलत होती, चिडल्यावर तू हळू बोलतेस तशी.

वासुदेवकाका पहिल्या रांगेतून उठले, कारभाऱ्यांचा वाद कापल्यावर त्यांना स्वतःला काम उरलंच नव्हतं. वाकून वाकून मागे साऊंडच्या टेबलापाशी आले. मी दहा फुटांवर होतो. काका बाबाला म्हणाले, बंद कर. बाबा म्हणाला, कुठलं बटण ते कळत नाहीये. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे हा माणूस. काकांनी मग स्वतःच हात घालून माईकचं बटण खाली ओढलं.

तिचा आवाज गेला. म्हणजे स्पीकरमधून गेला. ती बोलतच होती. पुढच्या रांगांना ऐकू येत होतं, मागे नुसते ओठ दिसत होते. मला वाटलं संपलं.

तेव्हा बाबा उठला. टेबल सोडून, काकांना तसंच ठेवून, मधल्या वाटेने सरळ पुढे चालत गेला आणि स्टेजपाशी खाली जमिनीवर बसला. ऐकायला. मग एक आजोबा उठले. मग दोन बायका पोरांना घेऊन. मग मागची अख्खी रांग. खुर्च्यांचा आवाज झाला तेवढाच. मीही गेलो. छत्र्या सोडून.

'मी तुमच्यापुढे हात जोडले असते, तर तुम्ही मला आई म्हणाला असतात. मी हुकूम दिले, म्हणून मी कैदी झाले. कुलूप घट्ट लावा. मला घाई नाही. तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा मी जास्त जगणार आहे.'

 मग टाळ्या आल्या.

एका बाईने मोठ्याने विचारलं, हे लिहिलंय कोणी? काका माईक घेऊन म्हणाले, ही आपल्या मंडळाची निर्मिती. मी युक्ती नाही केली, आत्या. मी होतो तिथून फक्त सांगितलं. 'प्रमोदिनी आत्याने लिहिलंय. कोल्हापूर. मंगळवार पेठ.' पत्ता का सांगितला मला माहीत नाही.

आता बाकीचं. मंडळाने आम्हाला आणि लतिकाताईला वर्षभर बंदी घातलीय, सकाळी मेल आला. अंबरीश तिच्याशी बोलत नाही. मी तिची माफी मागितली त्या शब्दाबद्दल. ती म्हणाली, चमच्याकडे बघत नव्हते, तू काय बोलतोस ते पाठ करत होते.

बाबाचं मात्र मला कळत नाही. का उठलास विचारलं, तर म्हणाला, तीस वर्षं ऐकायचं राहिलं होतं. म्हणजे काय?

कुशल


कोल्हापूर, ८ मार्च २०२५

कुशल,

चुका मोजल्या नाहीत.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. लतिकाला माझा आशीर्वाद सांग, आणि रागही सांग. तू उतरवलंयस त्यात बघते, तर तिने दोन वाक्यं गाळली. 'मी दिलेल्या हुकमांतले काही चुकले. ते माझेच होते, दुसऱ्या कोणाचे नव्हते.' तिने मुद्दाम गाळली असतील. तिला वाटलं असेल, एवढ्या छळलेल्या बाईने वर चूक कशाला कबूल करायची. पण मग ती नुसती बिचारी होते. चुका आपल्या नावावर घेते म्हणून ती राज्यकर्ती. पुढच्या वेळी गाळू नको म्हणावं.

ही वाक्यं मला महत्त्वाची वाटतात आणि मी स्वतः त्यातलं काही केलेलं नाही, म्हणून आता लिहिते.

तुला मी सांगितलं की हे नाटक कधी रंगमंचावर गेलं नाही. ती थाप होती. १९९४ साली मी शिकवायचे त्या शाळेच्या गॅदरिंगला झालं. तालीम बघायला संस्थेचे एक सभासद आले आणि म्हणाले, बाई, शेवट जरा उत्साहाचा करा. सतरावं पान कोणी कापलं माहीत आहे? मी. लाल पेनाने, त्यांच्यासमोर, दोन तिरक्या रेघा. मला सांगावंही लागलं नाही फारसं. वर हसले. बक्षीस समारंभात शाल आणि नारळ घेतला, भाषण केलं, ताराबाईच्या धैर्यावर.

तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता. त्या नाटकाच्या सगळ्या प्रती त्याने कार्बन लावून हाताने उतरवल्या होत्या, सात की आठ. सतरावं पान त्याला तोंडपाठ होतं. तो पहिल्या रांगेत येऊन बसला होता आणि पान आलंच नाही. घरी येऊन म्हणाला, ताई, तू कोणाला घाबरलीस? मी त्याला म्हटलं, तुला अक्कल नाही, नोकरी कशी टिकवायची ते तुला काय कळणार. त्याने परत विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी फक्त तब्येतीचं बोलतो.

त्याने तुला सांगितलं ना, ताईला बदल चालतात? तू म्हणालास शेपूट घालतो. त्याला खरंच तसं वाटत होतं. मीच त्याला तसं दाखवलं होतं.

जानेवारीपासून मी वासुदेववर आग पाखडतेय. त्याने केलं ते वाईटच केलं, त्याला मी सोडणार नाही, दुसरं पत्र तयार आहे. पण निम्मी आग त्याची नव्हती. जे मला शाळेच्या हॉलमध्ये जमलं नाही, ते त्या मुलीने माईक गेल्यावर केलं. आणि तू तळहात पुसलेला असताना उभा राहिलास. तुम्हाला दोघांना हे कळायला हवं की मी तुम्हाला जे करायला सांगत होते ते मी केलेलं नाही.

हे पत्र तू वाच आणि मग त्याला दे. त्याच्यासमोर बसून राहू नको, त्याला एकट्याला वाचू दे.

वाचून झालं की म्हणावं, फोन कर. मी आधी करणार नाही, माझा स्वभाव त्याला माहीत आहे. तब्येतीचं विचारायचं नाही. हवं तर भांड. मी उचलीन.

आत्या